धन्याच्या पश्चात्

मराठी भाषेनें कुत्र्यावर मोठा अन्याय केला आहे. एखाद्याची दैना झाली तर त्याचे हाल कुत्रा खात नाहीं, असें आपण म्हणतों. कोणी वाईट रीतीनें मेला तर त्याला कुत्र्याचें मरण आलें, असें म्हणतों. आणि कोणाचा स्वभाव पालटत नाहीं असें दाखवावयाचें झालें कीं त्या बिचाऱ्याचें वांकडें शेंपूट नळींत घालूं लागतों. परंतु ज्या तोंडानें हें सारें बोलतों त्याच तोंडानें ‘इमानी’ हा शब्द उच्चारतांना मात्र उपमेसाठीं दुसरें जनावर आपल्याला सुचत नाहीं. हा विसंगतपणा केवळ भाषेंतला नाहीं, वागणुकींतलाही आहे. धनी गेल्यावर मागें राहिलेल्या कुत्र्याच्या कथा आपण डोळ्यांत पाणी आणून वाचतों. पण तसा कुत्रा आपल्याच दारीं बसला तर त्याचें काय करावें, हें आपल्याला उमगत नाहीं. आज त्याविषयींच थोडें लिहावयाचें आहे.

महाभारताच्या आरंभीं एक आणि अखेरीस एक असे दोन कुत्रे उभे आहेत, हें फारशा वाचकांच्या ध्यानांत येत नाहीं. आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्राजवळ गेलेल्या सरमेच्या पोराला राजाचे भाऊ मारतात. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लावलेलें नव्हतें, त्याकडे नुसतें पाहिलेंही नव्हतें. सरमा येऊन ह्या माराचें कारण विचारते, तेव्हां त्या थोर मंडळींत कोणापाशींही उत्तर नसतें. पुढें महाप्रस्थानिक पर्वांत द्रौपदी आणि चौघे भाऊ एकामागून एक वाटेंत पडतात, आणि हस्तिनापुराहून न बोलावतां मागोमाग आलेला एक कुत्रा तेवढा युधिष्ठिराबरोबर उरतो. इंद्र रथ घेऊन येतो व कुत्र्याला सोडून वर चढावयास सांगतो. जो आपल्या आश्रयास आला त्याला टाकून स्वर्ग नको, असें युधिष्ठिर म्हणतो. मग तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म होता, असें उघड होतें.

वर्गांत हा भाग आला कीं मुलें हमखास म्हणत, “गुरुजी, म्हणजे तो खरा कुत्रा नव्हताच!” आम्ही त्यांना सांगत असूं कीं, तें तुम्हांला ठाऊक आहे, युधिष्ठिराला नव्हतें. त्यानें जें केलें तें कुत्र्यासाठीं केलें. धर्माची ओळख पटल्यावर त्याला न सोडणारे पुष्कळ निघतील.

आतां परदेशांतील एक प्रसिद्ध कथा घेऊं. जपानांत अकिता प्रांतीं १९२३ सालीं जन्मलेला हाचिको नांवाचा कुत्रा टोकियो येथील शाही विद्यापीठांत शेतकीशास्त्र शिकविणाऱ्या हिदेसाबुरो उएनो ह्या प्राध्यापकांनीं पाळला. ते कामावर निघत तेव्हां तो त्यांना पोंचवावयास जाई, आणि परतण्याच्या वेळीं शिबुया स्टेशनाच्या दाराशीं हजर असे. ता. २१ मे १९२५ रोजीं प्राध्यापक विद्यापीठांतच मेंदूंत रक्तस्राव होऊन वारले. तोंपर्यंत कुत्र्याला त्यांचा सहवास मिळाला होता तो सुमारें सोळा महिन्यांचा. त्यानंतर तो त्या स्टेशनाशीं वाट पाहत राहिला, आणि ता. ८ मार्च १९३५ रोजीं शिबुयाच्याच एका रस्त्यांत मरून पडलेला आढळला. आम्ही जन्माचे मास्तर, म्हणून हिशेब मांडून पाहिला. सहवासाच्या दर महिन्यामागें सात महिन्यांहून अधिक वाट पाहणें झालें.

१९३२ सालीं ‘असाही शिंबून’ ह्या वर्तमानपत्रांत त्याची हकीकत आली आणि तो देशभर प्रसिद्ध झाला. १९३४ च्या एप्रिलांत स्टेशनासमोर त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला, तेव्हां तो स्वतः समारंभास हजर होता. महायुद्धांत धातूसाठीं तो पुतळा वितळविला गेला. १९४८ च्या ऑगस्टांत मूळ शिल्पकाराच्या मुलानें घडविलेला दुसरा पुतळा त्या जागीं आला, आणि तो आजही तेथें आहे. हा कुत्रा खाऊसाठींच स्टेशनावर येई, असें म्हणणारेही निघाले. खाऊ मिळत असेल. पण वर्तमानपत्रांत नांव येण्यापूर्वीं तेथें त्याला हिडीसफिडीस आणि मार हींच अधिक मिळत. एवढ्यासाठीं कोणी वर्षानुवर्षें एका दाराशीं येत नाहीं.

परंतु ह्या कथेंतील जो भाग फारसा सांगितला जात नाहीं तोच आम्हांला महत्त्वाचा वाटतो. उएनो ह्यांच्या सहचारिणीशीं त्यांचा विवाह कायद्यानें नोंदलेला नव्हता. त्यामुळें ते जातांच तिचा घरावरील हक्क संपला, आणि बाईचें घर गेल्यावर कुत्र्याचेंही गेलें. त्याला नातलगांपैकीं आज ह्याच्या, उद्यां त्याच्या घरीं ठेवण्यांत आलें. शेवटीं त्याला संभाळलें तें शिबुयाजवळ राहणाऱ्या कोबायाशी नांवाच्या माळ्यानें. हा माळी पूर्वीं उएनो ह्यांच्याकडे कामाला असे. कुत्रा दिवसा स्टेशनाशीं बसे, पण त्याला परतावयास एक दार होतें, आणि तें दार एका गरीब नोकराचें होतें. पुढें २०१५ सालीं, हाचिकोच्या मृत्यूला ८० वर्षें झालीं तेव्हां, विद्यापीठाच्या शेतकी शाखेच्या आवारांत दोघांच्या भेटीचें शिल्प बसविलें. त्यांत परतलेल्या प्राध्यापकांच्या अंगावर कुत्रा आनंदानें उडी घेत आहे. ती सहचारिणी १९६१ सालीं वारली. तिच्या अस्थींचा अंश आओयामा येथील दफनभूमींत उएनो ह्यांच्याजवळ ठेवण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. कुत्र्याचें स्मारक तेथें आधींच होतें. मागें राहिलेल्या मुक्या जिवाला लोकांनीं जागा दिली. मागें राहिलेल्या माणसाला ती मिळावयास त्याहूनही फार उशीर झाला.

अशा इतर कथा पाहिल्या तरी हेंच दिसतें. स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं जॉन ग्रे नांवाचा मनुष्य १८५८ सालीं वारला, आणि त्याचा बॉबी नांवाचा लहानसा कुत्रा १८७२ पर्यंत ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमींत त्याच्या थडग्यापाशीं राहिला, अशी प्रसिद्धि आहे. तो एकच कुत्रा नसून एकामागून एक दोन असावेत, असें यान बॉंडेसन ह्या संशोधकानें २०११ सालीं प्रतिपादिलें. कुत्रा एक असो कीं दोन असोत, त्याला दुपारचें जेवण घालणारा जवळचा खाणावळवाला मात्र होता. आणि १८६७ सालीं कुत्र्यांवरील कराचा प्रश्न निघाला तेव्हां नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स ह्यांनीं तो कर स्वतः भरला व बॉबीच्या गळ्यांत पट्टा घातला. इटलींत फ्लॉरेन्सजवळील लुको गांवच्या कार्लो सोरियानी ह्या कामगाराचा फिदो हा कुत्रा, धनी ३० डिसेंबर १९४३ च्या बॉंबहल्ल्यांत ठार झाल्यावर, १९५८ च्या जूनपर्यंत रोज बसच्या थांब्यावर जात असे. १९५७ सालीं नगराध्यक्षांनीं त्याला सुवर्णपदक दिलें, तेव्हां सोरियानीची विधवा तेथें उपस्थित होती. पुतळे कुत्र्यांचे झाले. पण चौदा वर्षें वाट पाहावयाची तर चौदा वर्षें जगावें लागतें, आणि जगावयाचें तर रोज कोणीतरी अन्न घालावें लागतें. त्या हातांचे पुतळे कोठें नाहींत.

आपल्याकडे रायगडावर वाघ्याचें स्मारक आहे. तें १९३६ सालचें. शिवछत्रपतींच्या चितेंत त्यांच्या कुत्र्यानें उडी घेतली, ही आख्यायिका समकालीन कागदपत्रांत मिळत नाहीं, म्हणून त्या स्मारकावरून वाद झाले आहेत व होत आहेत. त्या वादांत आम्हांला पडावयाचें नाहीं. लोकांच्या मनाविषयीं मात्र एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. धन्याबरोबर मरणाऱ्या कुत्र्याची कथा आपल्याला विशेष प्रिय असते, आणि ह्याचें एक कारण असें असेल कीं, जो कुत्रा चितेंत उडी घेतो त्याच्यासाठीं दुसऱ्या दिवशीं भाकरी भाजावी लागत नाहीं. जो मरत नाहीं, नुसता दारांत बसून राहतो, त्याची निष्ठा आपल्याला अधिक जड जाते.

कुत्र्याला खरोखर शोक होतो काय, कीं ही आपल्याच मनाची छाया आहे? ह्या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांनीं पाठ फिरविलेली नाहीं. चार्ल्स डार्विन पांच वर्षें व दोन दिवसांनीं परत आले तेव्हां त्यांनीं आपल्या कुत्र्याची स्मृति मुद्दाम पारखून पाहिली. जणूं अर्ध्या तासापूर्वींच ताटातूट झाली असावी तसा तो त्यांच्यामागें फिरावयास निघाला, असें त्यांनीं १८७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत लिहिलें आहे. बुडापेस्ट येथील संशोधकांनीं १९९८ सालीं ५१ कुत्र्यांवर एक प्रयोग केला. अनोळखी खोलींत धनी जवळ असतां, तो निघून जातां व परत येतां कुत्रे कसे वागतात हें पाहिल्यावर, लहान मूल आईशीं जसें बांधलेलें असतें त्याच जातीचें हें बंधन आहे, असें त्यांना आढळलें. कुत्रा आणि धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हां दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसिन हें द्रव्य वाढतें, असें २०१५ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें; आईनें तान्ह्या मुलाकडे पाहतांना वाढतें तेंच हें द्रव्य. सारें कांहीं भाकरीसाठीं, असें म्हणणारांस कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचें उत्तर आहे. रस्त्यावरील बेवारशी कुत्र्यांचा अनोळखी माणसावर विश्वास बसतो तो खाऊपेक्षां डोक्यावरून फिरविलेल्या हातानें अधिक, असें तेथील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलें.

इटलींत २०२२ सालीं ४२६ जणांना विचारण्यांत आलें कीं, घरांतील दोन कुत्र्यांपैकीं एक मेल्यावर दुसऱ्यांत काय फरक पडला? शंभरांतील शहाऐंशी जणांनीं फरक पडल्याचें सांगितलें: खेळणें कमी झालें, खाणें उतरलें, माणसाला चिकटून राहणें वाढलें. अर्थात् सांगणारे स्वतःच दुःखांत होते, हें विसरतां येत नाहीं. धन्याचें दुःख पाहूनही कुत्रा बदलत असेल.

एवढ्यावरून शोक सिद्ध झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हांला येथें भरतमुनींनीं केलेला एक भेद उपयोगी वाटतो. करुण आणि विप्रलंभ ह्या दोहोंतही अश्रु आहेत, कृशता आहे, निद्रानाश आहे. पण करुणांत पुन्हां भेटीची आशा संपलेली असते. विप्रलंभांत ती जिवंत असते. त्या रसचर्चेंतला विप्रलंभ शृंगाराचा, हें आम्ही जाणतों. आम्हांला त्यांतला आशेचा धागा तेवढा घ्यावयाचा आहे. मनुष्याला मृत्यु ही गोष्ट कळते, म्हणून त्याचें दुःख लौकरच करुणाच्या कांठाला लागतें. शिवाय आपल्या पूर्वजांनीं त्यासाठीं विधि लावून दिले आहेत. देह उचलणें, अस्थि विसर्जन करणें, दहावा, तेरावा. हे सर्व विधि एकच वाक्य निरनिराळ्या रीतींनीं सांगतात, कीं गेलेला आतां परत यावयाचा नाहीं. कुत्र्याला हें वाक्य सांगणारा विधि नाहीं. त्याला ठाऊक असतो तो एक वास, एक आवाज आणि एक वेळ. वास विरत जातो, आवाज येत नाहीं, वेळ मात्र रोज येते. म्हणून त्याचें दुःख आपल्याहून लहान असेलही, पण तें संपण्याची सोय त्यांत नाहीं.

ह्याचें एक उदाहरण आमच्या डोळ्यांदेखत घडलें. कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं शेजारीं एक निवृत्त पोस्टमास्तर राहत असत. पावसांत भिजत पडलेला एक गांवठी कुत्रा त्यांनीं उचलून आणला व त्याचें नांव मोत्या ठेवलें. तेव्हांपासून नऊ वर्षें त्या घरांत एक तह चालू होता. काकू जुन्या वळणाच्या. कुत्र्यानें ओट्यावर यावयाचें नाहीं आणि काकूंनीं त्याला शिवावयाचें नाहीं, असा तो तह. भाकरी पोस्टमास्तर स्वतः घालीत. सायंकाळीं ते जुन्या लूनावरून वाचनालयांत जात. परततांना गाडी गल्लीच्या वळणाशीं येण्यापूर्वींच मोत्या उठून उभा राही. आम्हांला तिचा आवाज त्यानंतर ऐकूं येई.

दोन वर्षांपूर्वीं माघांत पोस्टमास्तर हृदयविकारानें रुग्णालयांत गेले ते जिवंत परतले नाहींत. देह घरीं आणला तेव्हां गर्दींत अडचण नको म्हणून कोणीतरी मोत्याला परसांत बांधून ठेवलें. घरांतील सर्वांना अंत्यदर्शन झालें, त्याला झालें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो सहाच्या सुमारास वळणावर जाऊन बसूं लागला. कोणाचीही लूना आली कीं उठे. ती पुढें निघून गेली कीं पुन्हां बसे. चार दिवस नुसत्या पाण्यावर काढले.

पुण्याहून आलेला मुलगा मनानें वाईट नव्हे. त्याची अडचण खरी होती. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, नवराबायको दोघेंही नोकरीला जाणारीं. आईला घेऊन जावें, घराला कुलूप लावावें. कुत्रा गांवठी आहे, गल्लींत कोणी ना कोणी घालील, असा त्याचा बेत होता.

दहाव्या दिवशीं घाटावर पिंड मांडून झाले. कावळे समोरच्या पिंपळावर होते, पण खालीं उतरेनात. अशा वेळीं मृताच्या मनांत काय राहिलें असेल तें आठवून आप्तांनीं शब्द द्यावयाचा, ही आपल्याकडील रीत सर्वांस ठाऊक आहे. मुलानें आईला संभाळण्याचा शब्द दिला. पोस्टमास्तरांच्या धाकट्या भावानें वाटणीचा जुना तंटा सोडून दिल्याचें सांगितलें. तरी कावळा हलेना. स्त्रियांनीं घाटावर येऊं नये ही जुनी चाल. पण काकू आल्या होत्या, आणि वरच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “मोत्याला मी अंतर देणार नाहीं. तो आहे तोंवर हें घर सोडणार नाहीं.”

थोड्या वेळानें कावळा शिवला. तो त्या शब्दामुळें शिवला कीं ऊन चढून भूक लागल्यामुळें, ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. शब्द वीस माणसांसमक्ष गेला होता, आणि तो मुलानेंही ऐकला होता.

त्याच सायंकाळीं काकूंनीं पोस्टमास्तरांची जुनी शाल ओट्यावर आंथरली आणि मोत्याला वर बोलाविलें. तो पायरीशींच थबकला. नऊ वर्षांचा तह त्याच्या अंगवळणीं पडला होता. शेवटीं काकू खालीं उतरल्या आणि मानेवर हात ठेवून त्याला वर घेऊन आल्या. शाल हुंगून तो तिच्यावर पडला. सकाळीं ताटलींतील दूधभाकरी संपलेली होती.

त्या दिवसांत काकूंचेंही जेवण सुटलें होतें. सुनेनें वाढलेलें पान त्या उष्टावून उठत. मंडळी परत गेल्यावर मोत्यासाठीं भाकरी करणें भागच झालें, आणि तवा तापलाच आहे म्हणून एक त्यांच्यासाठींही पडूं लागली. आम्हीं एकदां प्रकृति विचारली तेव्हां म्हणाल्या, “गुरुजी, मला कळतं तरी, ते गेले म्हणून. ह्याला कोण सांगणार?”

मोत्या पुढें चौदा महिने जगला. वळणावर जाणें त्यानें सोडलें नाहीं. परंतु आरंभीं तो रात्र पडेपर्यंत बसे, तो पुढें काकू देवापाशीं दिवा लावून दारांत आल्या कीं उठून घरीं येऊं लागला. मुलगाही दर पंधरवड्यास येऊन आईचें हवें-नको पाही. चैत्रांत मोत्या गेला. परसांतील पारिजातकाखालीं त्याला पुरल्यावर काकू पुण्यास गेल्या.

असा प्रसंग ज्यांच्या घरीं येईल त्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगून ठेवतों. कुत्र्याच्या खाण्याची व फिरण्याची वेळ पालटूं नये. गेलेल्या माणसाचें एखादें वापरलेलें वस्त्र लगेच धुऊन टाकूं नये. तें त्याच्या निजावयाच्या जागीं ठेवावें. त्याची जागा एकाएकीं बदलूं नये, आणि बदलणें भागच असेल तर ओळखीच्या माणसाकडे द्यावें. दोन दिवस अन्नाला शिवला नाहीं तर दुःखच असेल असें गृहीत न धरतां पशुवैद्याला दाखवावें. आजारही असूं शकतो. आणि ज्या वृद्धांनीं कुत्रा पाळला आहे त्यांनीं आपल्यामागें तो कोणाकडे जाईल हें हातपाय चालत आहेत तोंच ठरवून, त्या माणसाला विचारून, लिहून ठेवावें. शेताची व दागिन्यांची व्यवस्था आपण लावतों. ह्याची लावीत नाहीं. उपासमारीनें वा तहानेनें क्लेश होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिसंरक्षक कायद्याच्या ११ व्या कलमानें गुन्हाही आहे. पण कायद्याची आठवण करून द्यावी लागेल अशीं आपलीं घरें नसावींत.

वैश्वदेवाच्या वेळीं काढावयाच्या बलींत आपल्या धर्मशास्त्रानें कुत्र्याचाही भाग सांगितला आहे. तो धन्यानें पाळलेल्या कुत्र्याचा भाग नव्हे. जो कोणाचाच नाहीं अशा कुत्र्याचाही आहे. आज वैश्वदेव थोड्या घरांत उरला असेल, आणि तो पुन्हां सुरू करा असा आमचा आग्रह नाहीं. त्यांतला तो एक घास मात्र चालू ठेवण्यास अग्नि लागत नाहीं, मंत्र लागत नाहीं. गेलेल्या माणसाचें वर्षश्राद्ध आपण श्रद्धेनें करतों. तो ज्याला रोज हातानें घालीत असे त्याचें ताट त्याच दिवशीं रिकामें राहूं नये, इतकेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.